सूर्याकडे पाठ करून

१२ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. बाबांची दुर्बीण परत पाठव, एवढंच लिहिलंय, आणि खाली, फोन करू नकोस, लिहून कळव. फोनवर आपलं बोलणं चौथ्या-पाचव्या वाक्याला भांडणावर येतं हे खरं आहे. म्हणून लिहिते.

दुर्बीण तुमचीच. त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाबा शेवटी तुमच्याकडे होते, त्यांचं सगळं तुम्ही केलंत, आणि ते गेल्यावर हे गाडी करून आले आणि दुर्बीण घेऊन गेले. तेव्हा तुम्ही ह्यांना म्हणालात, "आकाश तू नेलंस, बेडपॅन मला ठेवलंस." ह्यांनी ते मला हसत हसत सांगितलं होतं. पण त्यानंतर पुढचा सगळा पावसाळा आणि हिवाळा दुर्बिणीवरचं कापड काढलं नाही. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसणार म्हणून लिहिलं. तुम्ही अबोला धरलात आणि ह्यांनी तो पाळला. दोघं एकाच घड्याळजीची मुलं. कोणी किल्ली द्यायची यावरून वर्षं गेली.

माझी एक विनंती आहे. थोडा वेळ द्या. ह्यांना सूर्याचा एक चांगला फोटो काढायचा होता. आधी ते रात्रीचंच आकाश बघायचे. आजारपणात संध्याकाळनंतर जिना चढायची ताकद राहत नसे, सकाळी थोडी असे, म्हणून सूर्याकडे वळले. फोटो काढले, पण मनासारखा एक झाला नाही. तो मी काढावा असं डोक्यात आलंय. एक फोटो झाला की दुर्बीण बांधून पाठवते.

यातलं मला काही येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून पाणीवाली म्हणता. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत बसून पाण्याचा गढूळपणा मोजणारी मी. पण नेमून दिलेलं काम नेमून दिल्यासारखं करायची सवय आहे. फिल्टर कसा लावायचा इथपासून शिकेन.

हे गेले त्या दिवशी तुम्ही आलात आणि फाटकापाशी उभ्या राहून परत गेलात. मी खिडकीतून पाहिलं होतं.

तुमची भावजय


२७ जानेवारी

वन्सं,

स्टुडिओच्या पाकिटावरच लिहून पाठवलेलं तुमचं उत्तर आलं. "एक महिना. पुढे नाही. आणि फिल्टर-बिल्टर कसली खटपट करत बसलीस? बाबांची काळी काच पेटीत आहे, ती लाव आणि काढ फोटो."

काच पेटीत आहे. बाबांनी जशी कापसात गुंडाळून ठेवली तशीच. पण ती लावायची नाही, हे मला ह्यांनी बजावून सांगितलंय. दुर्बिणीचं पुढचं भिंग सगळं ऊन गोळा करतं आणि मागे डोळ्यापाशी आणून सोडतं. शाळेत भिंगाने कागद जाळतात तसंच, फक्त हे भिंग मोठं. बाबांची काच बसते ती मागे, नेमकी त्या आगीत. तापून कधी तडकेल सांगता येत नाही, आणि तडकली तर पापणी मिटायच्या आत डोळा जातो. दुखतही नाही म्हणे. नंतर कळतं.

"बाबांनी आम्हाला त्यातूनच सूर्य दाखवला, आमचे डोळे गेले का?" असं तुम्ही विचारलंय. नाही गेले. हेही तेच म्हणायचे. पुढे म्हणायचे, "घड्याळजीचं नशीब. किल्ली नीट दिलेली होती." ऊन अडवायचं ते आत शिरायच्या आधी, दुर्बिणीच्या तोंडाशी.

त्यासाठी ह्यांनी जुन्या फायलींच्या पुठ्ठ्याचं एक कडं केलंय आणि त्यावर आरशासारखा चकचकीत, कागदाहून पातळ पडदा चिकटवलाय. हाच तो फिल्टर. पडदा ताणायचा नाही, सैलच ठेवायचा. दर वेळी लावण्याआधी दिव्यासमोर धरून बघायचा. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी टाकून द्यायचा. मग दुर्बिणीच्या तोंडावर बसवून चिकटपट्टी मारायची, वाऱ्याने निघू नये म्हणून. बाजूच्या लहान नळीला, जिच्यातून तारे शोधतात, टोपण. काम झालं की कडं उशीच्या अभ्र्यात घालून दारामागच्या खिळ्याला. हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची. तेव्हा वाटायचं, किती तो उपद्व्याप. आता एकेक पायरी करताना ते आवाजासकट आठवतं.

सूर्य सापडवायचा कसा, हे मात्र कोणी सांगितल्याशिवाय सुचलं नसतं. बघून शोधायचाच नाही. त्याच्याकडे पाठ करायची आणि जमिनीवर दुर्बिणीची सावली बघायची. नळी तिरकी असली की सावली लांब पडते. फिरवत गेलं की ती आखडते, आणखी आखडते, आणि नुसती गोल चकती उरली की समजायचं, सापडला.

पहिल्या दिवशी मी गच्चीवर अशी वाकून सावली बघत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या. म्हणाल्या, "काय शोधताय हो? कानातलं पडलं का?"

म्हटलं, "नाही, सूर्य शोधतेय."

त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वर आहे," म्हणाल्या आणि चादर झटकून निघून गेल्या. जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, "फार एकट्या पडल्यात हो."

सापडला, पण फोटो नाही. कॅमेऱ्याला हात लावेपर्यंत ढग आले. आमच्याकडे सध्या ढगांचंच राज्य आहे. पाण्याचा टँकर येत नाही, पण ढग रोज हजर.

तुमची भावजय


९ फेब्रुवारी

वन्सं,

सोबत दोन फोटो आहेत. छापून घेताना फार हसं झालं. दुकानदार म्हणाला, "ताई, फोटो आलेलाच नाही. पांढरी बशी आलीय."

"बशीच छापा," म्हटलं.

"यात माणूस कुठंय?"

"माणूस नाहीये यात."

त्याने एकदा छापला तर कोराच कागद आला. त्याचं यंत्र काळोख दिसला की आपल्या मनाने उजेड वाढवतं. त्याला सांगावं लागलं की यंत्राला म्हणा, शहाणपणा नको, आहे तसं छाप.

पहिला फोटो माझा. दुसरा ह्यांचा शेवटचा. दोन उपचारांच्या मधे हे घरी आले होते, तेव्हा एक सकाळ बरी गेली. त्या दिवशी त्यांनी स्वतः दुर्बिणीला कॅमेरा लावला. नंतर तो मी काढलाच नाही. दुर्बीण खोलीत आणून ठेवली ती कॅमेऱ्यासकट, वर कापड. मी आत्ता फोटो काढले ते त्याच लावलेल्या कॅमेऱ्याने.

आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. मधोमध, जरा डावीकडे, बारीक वाकडी रेघ आहे. माझ्या फोटोत आहे आणि ह्यांच्या फोटोतही तीच, तशीच. मी वाचलंय की सूर्यावर डाग येतात, सूर्याबरोबर फिरत पलीकडे जातात आणि विरून जातात. पण एखादा टिकतही असेल. मधे एवढे महिने गेले तरी ह्यांनी जो पाहिला तो मला दिसला. तुम्ही इतकी वर्षं स्टुडिओ चालवताय, तुम्हाला फोटोतलं कळतं. बघून सांगा.

त्या दिवशी मी जेवण गरम करून, ताट घेऊन टेबलाशी बसून जेवले.

महिना संपत आलाय हे लक्षात आहे. पण माझ्या फोटोची कडा हललेली आहे. हा काही त्यांना हवा तसा फोटो नाही. आणखी थोडे दिवस.

तुमची भावजय


२५ फेब्रुवारी

वन्सं,

माझ्याच फोटोच्या मागे लिहून तुम्ही तो परत पाठवलात. बरं केलंत. मी ते दारामागे चिकटवून ठेवलंय आणि वर जाताना वाचते:

"सूर्य आहे का सोललेलं अंडं? बटण बोटाने दाबतेस, म्हणून कडा हलते. दोन सेकंदांच्या टायमरवर टाक आणि हात काढ. डोक्यावर काळं कापड घे, नाहीतर उन्हात स्क्रीन दिसणार नाही, अंदाजपंचे होईल. ती रेघ सूर्यावर नाही. कॅमेरा फिरवून बघ."

बाळ्यालाही हेच शंभरदा सांगितलं होतं, असं ह्यांच्याबद्दल बारीक अक्षरात खाली लिहून तुम्ही खोडलंय. वाचता आलं.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. जुन्या छत्रीचं कापड शिवून घेतलं. ते डोक्यावर घेतल्यावर आत काळोख आणि समोर एवढासा सूर्य, अगदी जवळ. भरतकामाच्या गोल चौकटीत ताणून बसवलेल्या कापडासारखा गुळगुळीत. त्या दिवशी त्यावर खरंच दोन छोटे डाग होते, मोहरीएवढे. मग कॅमेरा दुर्बिणीतून न काढता जागच्या जागी पाव फेरा फिरवला. डाग फिरले. रेघ होती तिथेच राहिली.

तेव्हा तुमचं बरोबर. ती सूर्यावर नाही, कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर बसलेलं काहीतरी आहे. केसबिस असेल. साफ करायला पाहिजे. बघू.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. उन्हाने डोकं धरलं होतं.

आमच्याकडे तलावाच्या पाण्याला शेवाळाचा वास यायला लागलाय, त्यामुळे रोजचे नमुने वाढलेत. साहेब म्हणतात, लोकांना वास आधी कळतो आणि आकडे नंतर. खरं आहे.

एक आठवलं म्हणून लिहिते. हे तुमच्याबद्दल बोलायचे. अबोला असतानाही. तुम्ही त्यांना लहानपणी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत उभं करायचात आणि एकाही फोटोवर धुळीचा कण राहिला तर बाहेर सोडायचा नाहीत. "आपल्याला धूळ डोळ्यांना दिसते," म्हणायचे, "ताईला हातांना दिसते. तिला सांगावं लागत नाही, हात आपोआप जातो."

टायमर लावल्यापासून कडा पुष्कळ सुधारली. पण अजून तो फोटो नाही.

तुमची भावजय


५ मार्च

वन्सं,

तुम्ही स्वतः येताय म्हणालात. "तुझ्या सूर्याची वाट बघत बसले तर माझाच मावळेल. रविवारी येते आणि घेऊन जाते. साफ करायला रबरी पंप आणते, तू तोंडाने फुंकर घालू नकोस, थुंकी उडते."

या. सकाळच्या पहिल्या गाडीनेच या. दहाच्या पुढे गच्ची तापते आणि हवा उकळायला लागते. मग सूर्याची कडा पातेल्यातल्या पाण्यासारखी थरथरत राहते, कितीही टायमर लावा. बाकीच्यांना वाटतं जितकं ऊन जास्त तितका सूर्याचा फोटो चांगला. मलाही तसंच वाटायचं.

पेटी काढून पुसून ठेवलीय. कुलपाची किल्ली लागत नाही, नुसतं कडीने बंद होतं.

पंपाची घाई नाही. आधी चहा घेऊ, मग दोघी मिळून एक फोटो काढू, मग बाकीचं. त्याबद्दल मला तुमच्याशी थोडं बोलायचंही आहे. पत्रात नको.

फाटकाची कडी वरून उघडते. तिथे थांबू नका, आत या.

तुमची भावजय


१४ मार्च

वन्सं,

दुर्बीण सूर्याकडे करू नका. पेटी उघडली नसेल तर उघडू नका. बाबांची काळी काच लावू नका. बाबांची असली तरी नको. एवढं आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

पुठ्ठ्याचं कडं पेटीत नाही. ते इथे आहे, दारामागे, उशीच्या अभ्र्यात. मी विसरले नाही. सामान बांधताना खिळा माझ्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही विचारलंत, "झालं ना गं सगळं?" आणि मी म्हणाले, "झालं."

काल दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. आज सकाळी स्टुडिओत केला. तुमच्या मदतनीस बाई म्हणाल्या, मॅडम बाहेर कामावर गेल्यात. त्यांना निरोप दिलाय, पेटीला हात लावू नका म्हणावं. त्या म्हणाल्या, "सांगते, पण मॅडम कोणाचं ऐकतात का?" म्हणून लिहून दुपारच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती पाठवते, आजच मिळेल. लिहिलेलं तुम्ही ऐकता.

गाडीत बसताना तुम्ही विचारलंत, "गच्चीवर एकदम खाली का बसलीस?" मी म्हटलं, ऊन लागलं. तुम्ही म्हणालात, "पाणीवालीला पाणी द्या रे कोणीतरी," आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवलात. ऊन लागलं नव्हतं.

ह्यांच्या औषधांनी आधी डोक्याचे केस गेले, मग भुवया, सगळ्यांत शेवटी पापण्यांचे केस. तुम्हाला हे माहीत नाही. कळवायचं नाही असं ह्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, "ताईने बाबांचं बघितलंय, माझं नको." एकदा आरशासमोर उभं राहून म्हणाले, "दारं आहेत, पडदे गेले." त्या चांगल्या सकाळी गच्चीवर कॅमेरा लावताना ते सारखे डोळे चोळत होते. ऊन सरळ आत येतं म्हणत होते. एकीकडे उघडा कॅमेरा हातात धरलेला, दुसऱ्या हाताने डोळा चोळणं चाललेलं. मी म्हटलंही, आधी एक काहीतरी करा.

कॅमेरा फिरवल्यावर रेघ फिरली नाही, तेव्हा मी तो फोटो मोठा करून बघितला. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती, कमानीसारखी वाकलेली. पाण्यात काय काय येतं ते मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. डोक्याचा केस असा नसतो, पापणीचा असतो. म्हणून त्या दिवशी कामावर गेले नाही.

तो माझाही असू शकेल, कोणाचाही असू शकेल, हे मला कळतं. तपासून सिद्ध करता येण्यासारखं त्यात काही नाही. पण घरातल्या त्यांच्या सगळ्या वस्तू मी धुतल्या, घड्या घातल्या, लोकांना दिल्या. उशीसुद्धा. ही एक गोष्ट मला न विचारता मागे राहिली होती, आणि ती मी काढलेल्या प्रत्येक फोटोत होती. फोटो चांगला व्हावा असं मला आता वाटतच नव्हतं. तुम्हाला मी ढगांची कारणं देत होते त्यांतल्या काही सकाळी चांगल्या स्वच्छ होत्या.

रविवारी हे सांगायचं होतं. चहा घेताना तुम्ही ह्यांच्या खुर्चीकडे बघत होतात, तेव्हा जमलं नाही. मग वर गेलो. सावली लहान कशी करायची ते मी दाखवलं, तुम्ही दोनदा चुकलात आणि तिसऱ्यांदा म्हणालात, "अरे, हा बाबांच्या लोलकासारखा जागेवर येतो." मग काळं कापड घेऊन आत शिरलात. बराच वेळ आतच होतात. मला तुमचे खांदे दिसत होते. मी टाकीकडे बघत राहिले.

बाहेर आलात ते, "अगं, ही घाण किती दिवस ठेवलीयस आत?" म्हणतच. मी तोंड उघडेपर्यंत कॅमेरा तुमच्या हातात होता, तोंड खाली, पंप आत, फस्, फस्. आणि, "झालं. आता बघ कसा स्वच्छ."

तुमचा दोष नाही. धूळ दिसली की तुमचा हात थांबत नाही हे ह्यांनी मला सांगितलं होतं आणि मी तुम्हाला लिहिलंही होतं. मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. पण घाण हा शब्द कानात राहिला. तुम्ही दुर्बीण बांधत होतात, ह्यांची आठवण काढत होतात, कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणालात, "हा बाळ्याचा, हा तुझ्याकडेच," आणि मी आतल्या आत म्हणत होते, आता या कॅमेऱ्यात काय ठेवलंय. तेवढ्यात दारामागचा खिळा दिसला. वाटलं, हे तरी माझ्याकडे राहू दे. कड्याशिवाय दुर्बीण तुमच्याकडे नुसती नळी होऊन पडेल. चार दिवसांनी तुम्ही लिहाल, कडं कुठंय. मग मी सावकाश उत्तर देईन.

एवढाच विचार केला होता. काल सकाळी प्रयोगशाळेत काचेची बाटली कापसात गुंडाळून ठेवताना आठवलं की पेटीत अजून काय आहे. तुम्ही चार दिवस थांबणाऱ्यातल्या नाहीत. बाटली तशीच ठेवून मी बाहेर आले आणि तुम्हाला फोन लावला.

एवढं सांगून तुम्हाला दुखवायचं नव्हतं. पण कडं का ठेवून घेतलं हे न सांगता नुसतं पाठवलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, विसरभोळी आहे, आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. तुमच्यामाझ्यात आणखी एक गोष्ट न बोललेली राहिली असती. आधीच्या पुष्कळ आहेत.

कडं पोस्टाने पाठवत नाही. कोणी पाकिटावर शिक्का जोरात मारला तरी पडद्याला भोक पडेल. उद्या प्रयोगशाळेत मी एकटीच आहे आणि गावाचं पाणी न तपासता सोडता येत नाही. परवा सकाळच्या पहिल्या गाडीने मी स्वतः येते, मांडीवर घेऊन. फाटकापाशी थांबणार नाही, आत येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर कडीला अडकवून जाईन, पण आधी ते दिव्यासमोर धरून बघा.

पंप मारल्यावर तुम्ही जो फोटो काढलात तो कॅमेऱ्यात आहे. काल रात्री धीर करून लावला. कडा रेखीव, त्या दिवशीचे डाग स्वच्छ, मधे काही नाही. ह्यांना हवा होता तो हाच. तुमच्या हातून झाला. छापून आणते. दुकानदाराला मीच सांगते, यात माणूस नाही.

तुमच्याकडे परवा दुपारपर्यंत ढग राहतील असं हवामानवाले सांगतायत. दोन महिने मी ढगांना नावं ठेवली, आज त्यांच्या भरवशावर आहे. पण तुमचा उतावळा स्वभाव माहीत आहे. दुर्बीण उघडल्याशिवाय राहवतच नसेल आणि आभाळ मोकळं झालंच, तर अंधार पडल्यावर बाहेर न्या आणि चंद्र बघा. चंद्राला काही लागत नाही.

पाणीवाली